वाऱ्याचे दोन शब्द

४ सप्टेंबर, सोमवार

गेली! सकाळी सात चाळीसला ‘नरवाल’ पाणबुडी बंदराच्या तोंडातून बाहेर पडली, आणि मी समुद्राच्या बांधावर उभा राहून हातसुद्धा हलवला नाही. मुद्दामच. शनिवारचं फेन्नाचं बोलणं डोक्यातून जात नाही — “येल्टे, माझ्यासाठी थांबू नकोस. मी अर्धं वर्ष लोखंडी नळीत असते. वर कुणी वाट बघत बसलंय हे डोक्यात ठेवून खाली राहता येत नाही.”

म्हणजे मी अडचण! चौदाव्या वर्षापासून अडचण!

मेंडर्टकाका शेजारी उभे होते. तिचे वडील; आमची-त्यांची भिंत एकच. काळी टोपी, काठी, ताठ मान. “आज टोपी राहते,” म्हणाले. बोट दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे. मग एकदम गवतावर बसले ते उठेचनात. चेहरा मेणासारखा. शेवटी सायकलच्या पुढच्या सामानाच्या पेटीत बसवून घरी आणलं. बासष्ट वर्षांचा, सहा फुटी माणूस — आणि पेटीत मावला!

“गुडघा?” मी विचारलं.

“गुडघा तिला सांगितलाय,” ते म्हणाले. “तुला खरं सांगतो, कारण तुला ढकलायला लागणार आहे. स्वादुपिंड. डॉक्टर म्हणतो, पानं गळेपर्यंत.”

५ सप्टेंबर

काकांनी बिस्किटांचा डबा काढला. मला एक बिस्किट दिलं, झाकण लावलं. मग दुसरा डबा काढला. त्यात आठ कार्डं.

घरच्यांनी पाणबुडीवर दर गुरुवारी एक निरोप पाठवायचा. चाळीस शब्द. वाईट बातमी लिहायची नाही. तिकडून उत्तर येत नाही. बोट फक्त ऐकते, बोलली तर सापडेल. फेरी आठ आठवड्यांची. काकांनी आठही निरोप ऑगस्टमध्येच लिहून ठेवलेत. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. खिडकी रंगवली. वाटाण्याचं सूप खारट झालं. यातलं काहीही झालेलं नाही!

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“सूप माझं नेहमीच खारट होतं.”

प्रत्येक कार्डावर अडतीस शब्द. शेवटी ‘वारा:’ आणि पुढे मोकळी जागा. “दर गुरुवारी बांधावर जायचं. वारा बघायचा. लिहायचा. दोन शब्द तुझे.”

आणि तो फॉर्म. निघण्याआधी प्रत्येक जण भरतो. घरात काही झालं तर — ‘लगेच कळवा’ की ‘परत आल्यावर सांगा’? फेन्नाने दुसऱ्या चौकटीत खूण केली आहे. काकांनीही आयुष्यभर तीच केली. त्यांची आई गेली तेव्हा ते नॉर्वेच्या वर कुठेतरी बर्फाखाली होते. सात आठवड्यांनी धक्क्यावर कळलं.

“बरं झालं का तसं?” मी विचारलं.

त्यांनी बिस्किटाचा डबा पुन्हा उघडला. दुसरं बिस्किट! या घरात असं कधी होत नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

पहिला निरोप. बांधावर जाऊन आलो, नौदलाच्या कुटुंब-कचेरीत कार्ड दिलं. तिथल्या लेनीबाई पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजतात. “अडतीस आणि दोन. चाळीस! तुमच्या गल्लीत सगळे मोजूनच बोलतात का हो?”

काकांना वाऱ्याची दिशा आणि जोर सांगितला — नैर्ऋत्य, पाच.

“पाच?” ते इतके हसले की खोकला लागला. “पाच म्हणतोय! शिकलेला माणूस.”

“चुकलं का? बदलू?”

“नको. तसंच जाऊ दे.”

११ सप्टेंबर

गोदीत दिवसभर फडताळात. फडताळ म्हणजे थोरली बोट — दोन वर्षांपूर्वी निवृत्त केली, तेव्हापासून तिच्यातून सुटे भाग काढून ‘नरवाल’ आणि ‘झेवॉल्फ’ला बसवतो. जे काढलं तिथे पिवळी चिठ्ठी लटकवायची. आता आत गेलं की पिवळंच पिवळं. दोघींना जगवायला तिसरीला खातोय आम्ही.

वीबे, आमचा मुख्य फिटर, म्हणतो, “अर्धे इंजिनिअर, तो पाना द्या.” डेल्फ्टचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं म्हणून मी अर्धा. जहाजं कागदावर काढायचा कंटाळा आला म्हणून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण इथे लिहायची गरज नाही. ती तेव्हा पहिल्यांदा फेरीवर गेली होती.

‘नरवाल’ चौतीस वर्षांची. फेन्ना चोवीसची. काका ‘नरवाल’च्या पहिल्या खलाशांपैकी — तेव्हा सांगितलं होतं, पंचवीस वर्षं चालेल, मग नवी येईल. आज मुलगी त्याच बोटीत बापाच्याच फळीवर झोपते.

१४ सप्टेंबर, गुरुवार

वायव्य, चार. ऐकतेस ना? ऐकणं तुझं काम. वायव्य, चार.

१८ सप्टेंबर

हेरिंग माशाच्या गाडीवर एक जाड्या म्हणाला, “तुमच्या पाणबुड्या म्हणजे म्युझियम. फक्त तिकीट लावायचं राहिलंय!” मी त्याच्या हातातला मासा कांद्यासकट उचलून कालव्यात फेकला. सीगलांनी वरच्या वर झेलला. लोक हसले. गाडीवाली म्हणाली, “आठवडाभर इकडे फिरकू नकोस, येल्टे. आणि त्याचा मासा भरून दे.”

भरून दिला. पण तो जाड्या खोटं बोलला नव्हता — म्हणून तर राग आला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

तिसरा निरोप. पश्चिम, सहा. काका आता खालच्या खोलीत पलंगावर. मी वारा सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, मग हात डोक्याकडे नेला. डोक्यावर काही नव्हतं.

२६ सप्टेंबर

सकाळी सहा वीस. मी आणि नर्स. पानं अजून हिरवी आहेत. डॉक्टर चुकला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

चौथं कार्ड. “खिडकी रंगवली. हिरवी. तुला आवडणार नाही. दुसरा हात पुढच्या आठवड्यात देईन...”

लेनीबाईंना मंगळवारीच कळलं होतं. त्यांच्याच हातांनी ती बातमी बंद पाकिटात गेली — परत आल्यावर सांगा. त्यांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं आता म्हणतील, मेलेल्या माणसाचा निरोप चालत नाही. मी भांडायला तयारच होतो!

त्या म्हणाल्या, “यावर तारीख नाही. माणसानं कधी लिहिलं हे विचारणं माझं काम नव्हे.” मग पेन्सिल घेतली आणि मोजायला लागल्या. एकतिसाव्या शब्दाला थांबल्या, नाक पुसलं, पहिल्यापासून मोजलं.

उत्तर, तीन.

३० सप्टेंबर

अंत्यविधी. कॉफी, केकचा एक-एक तुकडा. पाणबुडीवरचे अकरा म्हातारे आले होते, सगळे आखडून बसलेले, जणू छत डोक्याला लागेल. शवपेटीवर काळी टोपी. त्यांची बहीण टेक्सेल बेटावरून बोटीनं आलेली. शेवटी तिने टोपी उचलली, माझ्या हातात दिली. “आमच्याकडे कुणाच्या डोक्यात बसत नाही. ठेव तू.”

माझ्याही डोक्यात बसत नाही. मोठी होते.

पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली होती. तिच्याकडे सगळे बघत होते आणि कुणीच बघत नव्हतं.

घरी आल्यावर हिरव्या रंगाचा डबा आणला. त्यांची खिडकी रंगवली. निदान तेवढं तरी खरं होऊ दे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पाचवं. “सायकलची साखळी बदलली.” मी आधी जाऊन साखळी बदलली, मग कार्ड दिलं. पूर्व, चार.

९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर मंत्री. पहिली नवी पाणबुडी आणखी तीन वर्षं पुढे. म्हणजे आता दहा वर्षांनी येणार! “काळजीचं कारण नाही, सध्याच्या बोटी उत्तम अवस्थेत आहेत.” एक माणूस इस्त्रीच्या कोटात उभा राहून असं म्हणतो, आणि समोर आम्ही चाळीस जण, हातात पाव, अंगाला ग्रीस.

वीबे म्हणाला, “मी नोकरीला लागलो तेव्हा ‘नरवाल’च्या आधीची बोट, म्हणजे हिचा बाप, बदलायचा होता. तोही उशिराच बदलला.” आणि पाव खायला लागला. हेच! हेच मला सहन होत नाही — पाव खात राहणं! मी घमेल्याला लाथ मारली. पायाचा अंगठा सुजलाय.

१० ऑक्टोबर

लिहायलाच पाहिजे.

‘झेवॉल्फ’ तेवीस तारखेला निघायची आहे. ती तिकडे पोचली की ‘नरवाल’ परत येणार. ‘झेवॉल्फ’च्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याची काळी कडी बदलायची होती. कार्बनची, ताटाएवढी. दांडा जिथे बोटीच्या पोटातून बाहेर जातो तिथे हीच कडी समुद्र अडवते. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. जगात एक उरली होती — फडताळातून काढलेली. तिच्या जागी मीच पिवळी चिठ्ठी लावली होती.

ती कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग हाताने सरकवायची. वीबे शंभरदा सांगतो — “हिला घाई चालत नाही. म्हातारीला अंघोळ घालतोय असं समज.” आज वीबे बैठकीला गेला होता. माझ्या डोक्यात कालचा तो कोट. अर्धा तास! दहा वर्षं तुम्ही बसा, आणि मी अर्धा तास पाण्यात हात घालून बसू? थंडच घेतली. अडली. लाकडी हातोडीने एक दिला.

टक्.

एवढासा आवाज. केसाएवढी चीर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

११ ऑक्टोबर

वीबेने कडी उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. भांडं कोरडं होतं.

ओरडेल असं वाटलं. त्याने अहवालाचा कागद ओढला आणि ‘कारण’च्या पुढे एकच शब्द लिहिला — वय.

“वीबे, मी —”

“गप्प बस. चौतीस वर्षांची होती. नाहीतर पुढच्या महिन्यात गेलीच असती.”

“पण या महिन्यात —”

“गप्प बस म्हटलं ना!”

नवी कडी हाताने घडवून घ्यावी लागणार. तीन आठवडे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सहावं. दक्षिण, दोन. लेनीबाई म्हणाल्या, “बरं नाही का? रंग उतरलाय तुमचा.” मी म्हटलं, थंडी.

१६ ऑक्टोबर

नोटीस लागली. ‘नरवाल’ची फेरी तीन आठवड्यांनी वाढवली. कारण दिलेलं नाही. घरच्यांनी समजून घ्यावं.

मला समजून घ्यायची गरज नाही. मला माहीत आहे.

तीन आठवडे! आठ कार्डं होती. आठच. काकांनी बरोबर मोजली होती.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सातवं. पश्चिम, सात. बांधावर उभं राहवत नव्हतं. टोपी खिशात घालून गेलो होतो. का, ते माहीत नाही.

२५ ऑक्टोबर

आठवं कार्ड समोर ठेवून बसलोय. “सोमवारी बांधावर येतो. थर्मासमध्ये कॉफी. गुडघा बरा आहे. या वेळी तू हात हलवलास तर मला दिसेल, नवा चष्मा केलाय...”

सोमवारी ती येणार नाही. हे बोटीवर सगळ्यांना कळलेलं असणार. मग बाबा सोमवारी बांधावर कसे? हे कार्ड गेलं की तिला कळेल — आधी लिहून ठेवलेलं आहे. का ठेवलं, तेही कळेल. तीनशे मीटर पाण्याखाली, पन्नास माणसांत, रडायला कोपरा नाही.

आणि मी त्यांचं अक्षर काढून नवी तीन-चार कार्डं लिहू? जमेल. मांजर, सूप, सायकल — शिकलोय आता त्यांच्यासारखं. तिने फॉर्मवर तेच मागितलंय. सांगू नका म्हणाली आहे.

पण तिच्या वडिलांनी स्वतः जगून लिहिलेलं खोटं वेगळं. माझं खोटं म्हणजे — मीच कडी फोडायची, आणि वर मीच तिच्या बापाच्या तोंडून बोलायचं!

नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

कोऱ्या कार्डावर लिहिलं — वायव्य, आठ.

लेनीबाईंनी उलटून पाहिलं. “अडतीस राहिले की.”

“राहू देत.”

“नाव?”

“नाव नको.”

त्यांनी मोजलं. दोनच शब्द, तरी पेन्सिल टेकवून मोजलं. “दोन,” म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

२ नोव्हेंबर

उत्तर, सहा.

९ नोव्हेंबर

पश्चिम, पाच. ‘झेवॉल्फ’ आज निघाली. नवी कडी मी बसवली नाही. वीबेने स्वतः बसवली, अर्धा तास पाण्यात हात घालून. मी पाणी गरम ठेवत होतो.

१६ नोव्हेंबर

आग्नेय, तीन. झाडावर एक पान नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

आली.

बांधावरून पाहिली. गंजाचे ओघळ, शेवाळ, थकलेल्या जनावरासारखी. या वेळी हात हलवला. वेड्यासारखा. कुणाला दिसला माहीत नाही.

बंदरात शिरायच्या तासभर आधी कप्तान बंद पाकिटातली बातमी सांगतो, तशी रीत आहे. ती धक्क्यावर उतरली तेव्हा तिला माहीत होतं. केस कापलेले, चेहरा कागदासारखा. डिझेलचा वास. सगळे आपापल्या माणसांच्या गळ्यात पडत होते. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“कधी?”

“सव्वीस सप्टेंबर. सकाळी सहा वीस. मी होतो.”

तिने मान हलवली. आम्ही बांधावर गेलो. मी थर्मासमधून कॉफी दिली आणि आठवं कार्ड दिलं. तिने वाचलं. ‘वारा:’च्या पुढच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली.

मग मी सांगितलं. कडी, कोरडं भांडं, हातोडी, ‘वय’. एका श्वासात. शेवटी ती म्हणाली —

“ऑक्टोबरच्या शेवटापासून आमच्या दांड्यातूनही आवाज येत होता. दर चौदाव्या फेऱ्याला एक ठोका. माझ्या कानांवर सोपवला होता. सहा-सहा तास मी तेवढाच ऐकत बसायचे. ठोका जरा बदलला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.” मग म्हणाली, “चार जण तर एकोणीस-वीस वर्षांचे आहेत, येल्टे.”

तिने कॉफी गवतावर ओतली, झाकण घट्ट लावून थर्मास माझ्या हातात दिला, आणि एकटी निघून गेली. तिच्या घराची खिडकी हिरवी आहे हे सांगायचं राहिलं.

२१ नोव्हेंबर

साहेबांच्या खोलीत जाऊन अहवाल मागितला. ‘वय’ खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं — ‘आणि घाई’. पुढे माझं पूर्ण नाव.

वीबे बाहेर भेटला. “मूर्ख आहेस! मलाही बोलणी खायला लावलीस.” चार पावलं गेला, परत आला. “उद्या वेळेवर ये, अर्धे इंजिनिअर.”

सहा महिने दांड्याच्या कामाला हात लावायचा नाही. फडताळात चिठ्ठ्या लावायच्या. ठीक आहे.

२८ नोव्हेंबर

भिंतीपलीकडे ती आहे. नळ वाजतो, जिना वाजतो. दार नाही वाजत. मीही वाजवलं नाही. शिकतोय.

५ डिसेंबर

पत्रपेटीत तिचा फॉर्म. निघायची तारीख आठ जानेवारी, बोट ‘नरवाल’ — दुसरी आहेच कुठे! ‘घरचा माणूस’ या ओळीत माझं नाव. खालच्या चौकटीत खूण: ‘लगेच कळवा’.

मागे पेन्सिलीने —

“बाबांनी वाऱ्याला कधी आकडा लावला नाही. टोपी राहते, टोपी धरा, टोपी गेली — माझ्या आयुष्यात एवढेच तीन वारे. बांधावर ते रांगत गेले असते, पण वारा दुसऱ्याला बघू दिला नसता. ‘नैर्ऋत्य, पाच’ वाचलं, त्याच गुरुवारी कळलं. अकरा आठवडे मी तुझाच वारा वाचत होते. कडीबद्दल अजून रागच आहे. पण पुढच्या वेळी आकडा नको.”

टोपी घालून बांधावर जाऊन आलो. आज धरावी लागते.